कोरोनातल्या टाळ्या आणि आशाताईंची संघटना



परिसर अभ्यास शिकवताना 'आपले मदतनीस' हा विषय कुठल्या ना कुठल्या इयत्तेत, कुठल्या ना कुठल्या रूपात येतोच. पोस्टमन, पोलीस, डॉक्टर, नर्स, सफाई कामगार. मुलं चित्रं चिकटवतात, एकेकाचं काम सांगतात. शेवटी आपण विचारतो, "यांच्याशी कसं वागायला हवं?" आणि अख्खा वर्ग एका सुरात म्हणतो, "आदराने!" कोरोनानंतर आपल्यापैकी बऱ्याच जणांनी या यादीत आशाताई आणि अंगणवाडीताई यांची भर घातली. चांगलंच केलं. पण पाठ तिथेच संपतो. मदत करणाऱ्याला मदत कोण करतं, ती आजारी पडली तर तिच्या घरी चूल कशी पेटते, याबद्दल त्यात एक ओळही नसते.

माझं मत आधीच सांगून टाकते. साथीच्या त्या दोन वर्षांत घरोघरी फिरलेल्या बायांना आपण टाळ्या दिल्या, सन्मानपत्रं दिली. पण त्यांच्या हातात जे काही थोडंफार खरोखर पडलं, ते त्यांच्या कामगार संघटनांनी मागितलं, लिहून घेतलं आणि प्रसंगी काम बंद ठेवून मिळवलं म्हणून पडलं. आणि नेमकं हेच आपण मुलांना सांगत नाही. उलट संप म्हटला की शिक्षक खोलीतसुद्धा नाकं मुरडली जातात.

आशा म्हणजे कोण, हे सगळ्यांना माहीत असेल असं आपण धरून चालतो. पहिलीतल्या एका मुलाने मला विचारलं होतं, "बाई, सगळ्या गावांत आशाच कशा काय असतात?" त्याला वाटलं, ते ताईंचं नाव आहे! खरं तर ती इंग्रजी पदनामाची आद्याक्षरं आहेत. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं आणि साधारण १००० लोकसंख्येमागे त्याच गावातली एक बाई निवडायची असं ठरलं. गरोदर बाईची नोंद करायची, तिला बाळंतपणासाठी दवाखान्यात न्यायचं, घरी येऊन बाळाचं वजन करायचं, लसीकरणाला आया गोळा करायच्या, क्षयरोग्याच्या गोळ्यांवर लक्ष ठेवायचं. देशात अशा सुमारे १० लाख बाया आहेत, महाराष्ट्रात सुमारे ७० हजार. पगार नाही, कामागणिक मोबदला. बाळंतिणीच्या घरी ४२ दिवसांत ठरलेल्या सगळ्या भेटी दिल्या की २५० रुपये. नोंदी, सर्वेक्षण, बैठका अशा नेहमीच्या कामांसाठी साथ आली तेव्हा केंद्राकडून महिन्याला २००० रुपये मिळायचे, तेही ऑक्टोबर २०१८ पासून. त्याआधी १००० होते.

मग मार्च २०२० आला. २२ तारखेला संध्याकाळी ५ वाजता आपण सगळ्यांनी दारात उभं राहून टाळ्या-थाळ्या वाजवल्या. त्यानंतर मुंबई-पुण्याहून माणसं गावी परतायला लागली आणि त्यांच्या याद्या करायचं काम आशाताईंकडे आलं. कोण कुठून आलं, किती जण आले, कुणाला ताप, कुणाला खोकला, चौदा दिवस घरात बसतायत की नाही. पुढे १५ सप्टेंबर २०२० पासून 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम निघाली. रोज पन्नासेक घरं, ताप आणि ऑक्सिजन मोजायचा, घरात मधुमेह-रक्तदाबाचं कुणी आहे का ते लिहायचं. या मोहिमेत आपल्यापैकी अनेक शिक्षक होते, मीही होते. त्यामुळे हे ऐकीव नाही.

ज्या आशाताईंबरोबर मी फिरले, त्यांना गावातली माणसं लहानपणापासून ओळखणारी. तीच माणसं दाराला आतून कडी लावायची. "तूच आमच्या घरी रोग आणशील" असं तोंडावर म्हणणारेही भेटले. त्या ताईंच्या घरी सासूबाई साखरेच्या आजारी, मुलगा माझ्याच वर्गात. संध्याकाळी घरी गेल्यावर त्या मागच्या दाराने जायच्या, न्हाणीत आंघोळ, कपडे तिथेच भिजवायचे, मग स्वयंपाक. रात्री पडवीत वेगळं अंथरूण. दिवसभर गावाची काळजी घ्यायची आणि आपल्यामुळे घरातल्या म्हातारीला काही होऊ नये म्हणून रात्री स्वतःच्या मुलापासून लांब झोपायचं. घरातल्या आजारी माणसाचं करणं हेही कामच आहे, पण ते कुठल्या रकान्यात लिहायचं? आमच्या सर्वेक्षणाच्या तक्त्यात 'घरातील ६० वर्षांवरील व्यक्ती' असा रकाना होता. ती माहिती गोळा करणारीच्या घरात अशी व्यक्ती आहे का, हे मात्र कुणी विचारलं नाही.

आता हिशेब बघू. कोविडच्या जादा कामासाठी केंद्राने महिन्याला १००० रुपये ठरवले. चौथीच्या मुलांना हा भागाकार घालून बघा. १००० भागिले ३०, भागाकार ३३, बाकी १०. दिवसाला ३३ रुपये! आणि शिबिरं, भेटी बंद पडल्यामुळे कामागणिक मिळणारे इतर पैसेही अनेकींचे घटले होते.

इथे मला भाषेविषयी बोलायचं आहे, कारण आपण भाषा शिकवणारी माणसं. आशाताईंचं अधिकृत पदनाम 'आशा स्वयंसेविका'. त्यांना मिळतं ते 'मानधन' किंवा 'मोबदला'. अंगणवाडीत 'सेविका' आणि 'मदतनीस'. हे शब्द ऐकायला फार गोड आहेत. पण कामगार म्हटलं की किमान वेतन आलं, कामाचे तास आले, आजारपणाची रजा आली, भविष्य निर्वाह निधी आला. स्वयंसेविका म्हटलं की यातलं काहीच येत नाही. एका शब्दाच्या फरकात केवढे पैसे वाचतात बघा. आपल्याला हे कळायला अवघड जाऊ नये. डी.एड. करून मी लागले तेव्हा 'शिक्षण सेवक' होते, तीन वर्षं, महिना ३००० रुपये मानधनावर. वर्ग तोच, फळा तोच, मुलं तेवढीच, शेजारच्या वर्गातल्या गुरुजींना मात्र वेतन. पुढे ते मानधन ६००० झालं आणि प्राथमिकच्या शिक्षण सेवकांना १६,००० मिळायला २०२३ उजाडलं. 'सेवा' हा शब्द कुणाच्या खिशातून किती घेतो, ते आपण भोगलंय.

२०१३ मध्ये ४५व्या भारतीय श्रम परिषदेने शिफारस केली होती की अशा योजनांत काम करणाऱ्या बायांना कामगार म्हणून मान्यता द्यावी, किमान वेतन आणि सामाजिक सुरक्षा द्यावी. या परिषदेत सरकार, मालक आणि कामगार संघटना असे तिघेही असतात. शिफारस कागदावर राहिली. सात वर्षांनी साथ आली तेव्हा या बाया स्वयंसेविकाच होत्या.

मग संघटनांनी केलं काय? आपल्याला दिसतात ते मोर्चे आणि घोषणा. बरंचसं काम त्याआधीचं असतं आणि ते कारकुनी स्वरूपाचं असतं. उदाहरणार्थ, 'तोंडी सांगितलेलं काम लेखी आदेशाशिवाय करायचं नाही' हा आग्रह. तेव्हा मला तो जरा ताठरपणा वाटायचा. मग विम्याची कागदपत्रं बघितली. मार्च २०२० अखेर केंद्र सरकारने आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ५० लाखांचा विमा जाहीर केला आणि त्यात आशाताईही होत्या. पण दावा करायचा तर मृत व्यक्ती कोविडच्या कामावर नेमलेली होती, याचा दाखला हवा आणि कोविड झाल्याचा तपासणी अहवालही हवा. फोनवरून "ताई, त्या वाडीवर जाऊन या" असं सांगितलेल्या कामाचा दाखला कुठून आणणार? त्या एका कागदावर मागे राहिलेल्या मुलांचं शिक्षण अवलंबून होतं. राज्याने मे २०२० मध्ये घरोघरी सर्वेक्षणाला नेमलेल्या इतर खात्यांच्या कर्मचाऱ्यांसाठी ५० लाखांचं सानुग्रह साहाय्य ठरवलं, तिथेही प्रश्न तोच. तुम्हाला कामावर नेमल्याचा आदेश आहे का?

पैशांचंही तसंच. जून २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने आशाताईंच्या मोबदल्यात २००० आणि गटप्रवर्तकांच्या मोबदल्यात ३००० रुपयांची वाढ केली. ती काही आपोआप सुचलेली नव्हती, त्यामागे आधीच्या वर्षांची निवेदनं आणि आंदोलनं होती. ऑगस्ट २०२० मध्ये देशभरातल्या आशा, अंगणवाडी आणि शालेय पोषण आहाराच्या बायांनी मिळून संप केला. (आपल्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या ताई याच यादीत येतात, हे शिक्षकांनी विसरू नये.) आणि मग १५ जून २०२१ पासून महाराष्ट्रातल्या आशा आणि गटप्रवर्तक बेमुदत संपावर गेल्या. सगळ्या वेगवेगळ्या झेंड्यांच्या संघटना एका कृती समितीत एकत्र आल्या होत्या. २३ जूनला आरोग्यमंत्री राजेश टोपे यांच्याशी बोलणी होऊन संप मिटला. आशाताईंना १००० रुपये वाढ आणि ५०० रुपये कोविड भत्ता, गटप्रवर्तकांना १२०० आणि ५००. महिन्याला. मागितलं होतं त्याच्या मानाने हे फार थोडं. पण वर्षभर टाळ्या वाजवून झाल्यावर जे मिळालं नव्हतं, ते साधारण आठवड्याभरात मिळालं.

तेव्हा व्हॉट्सॲपवर एका पालकाने लिहिलं होतं, "साथ चालू असताना संप म्हणजे रुग्णांना वेठीस धरणं." हा आक्षेप मी हलक्यात घेणार नाही. ज्यांच्या घरी तेव्हा गरोदर सून होती, लसीची तारीख होती, त्यांना राग येणं साहजिक होतं. आठ दिवस नोंदी थांबल्या, भेटी थांबल्या, त्याची झळ गरिबांनाच बसली. यात काही खोटं नाही.

पण एक विचार करून बघा. दिवसाला पन्नास घरांत जाणाऱ्या बाईला ताप आलाय. पगारी रजा नाही. घरी बसली तर कामागणिक मिळणारे पैसे बुडणार. ती काय करेल? गोळी घेऊन जाईल. म्हणजे जिने साथ शोधायची, तीच साथ घेऊन फिरणार. आजारपणाची पगारी रजा, मास्क, हातमोजे, ठरावीक दिवसांनी तपासणी, आजारी पडल्यास दवाखान्यात खाट. संघटनांच्या निवेदनांमध्ये या मागण्या असायच्या. वरून बघितलं तर त्या कामगारांच्या मागण्या, पण त्यांचा फायदा ज्या पन्नास घरांत ती जाणार त्या प्रत्येक घराला होता. त्या घरांत आपले विद्यार्थी राहतात. आठ दिवसांच्या संपाने गावाला त्रास झाला हे खरंच. पण तापात फिरायला लागणाऱ्या बाईने गावाला किती त्रास झाला असता, हे मोजायला कुणी बसत नाही. म्हणून मला संपाचा राग येत नाही. राग येतो तो इतक्या साध्या गोष्टींसाठी संप करावा लागला याचा.

मोजण्याचा विषय निघालाच आहे तर आपल्याच पेशातलं एक उदाहरण सांगते. हे उत्तर प्रदेशातलं आहे. एप्रिल २०२१ मध्ये, दुसरी लाट ऐन भरात असताना, तिथे पंचायत निवडणुका झाल्या आणि शिक्षकांना मतदान केंद्रांवर पाठवलं गेलं. परतल्यावर माणसं आजारी पडू लागली, जाऊ लागली. तिथल्या प्राथमिक शिक्षक संघाने जिल्ह्याजिल्ह्यांतून नावं गोळा करायला सुरुवात केली. आधी ७०६ नावांची यादी आली, मेच्या मध्यापर्यंत ती १६२१ वर गेली. शिक्षक, शिक्षामित्र, शाळेतले इतर कर्मचारी. यावर शिक्षण खात्याचं म्हणणं काय होतं? निवडणूक कामावर असताना ३ शिक्षक वारले. तीन! कारण नियम असा होता की घरातून कामाला निघाल्यापासून घरी परत पोचेपर्यंत मृत्यू झाला तरच तो 'कामावर असताना'. कोरोना काय साप आहे, चावला की तिथल्या तिथे माणूस पडायला? लागण झाल्यावर माणूस पंधरा-वीस दिवसांनी जातो, हे नियम लिहिणाऱ्याला ठाऊक नव्हतं, कारण नियम साथीच्या आधीचा होता.

संघाची यादी वर्तमानपत्रांत आली, आरडाओरडा झाला आणि सरकारने नियम बदलला. निवडणूक कामानंतर ३० दिवसांच्या आत कोविडने मृत्यू झाला असेल तर कुटुंबाला ३० लाख. त्या नियमाने बसणारी कुटुंबं निघाली दोन हजारांच्या पुढे, त्यात इतर खात्यांचे कर्मचारीही आले. ३ आणि दोन हजार! मधलं अंतर कुणी भरून काढलं? कुठल्या संशोधन संस्थेने नाही. तालुक्या-तालुक्यातले संघाचे पदाधिकारी फोन करत बसले, कोण गेलं, कधी गेलं, कुठल्या शाळेचं होतं, ते वहीत लिहीत गेले. आपण रोज सकाळी हजेरी घेतो ना, तसंच. फक्त इथे 'गैरहजर' कायमचे होते.

आपल्या वर्गातल्या कितीतरी मुलांचे आईवडील ना आशा आहेत ना शिक्षक. कुणी बांधकामावर, कुणी चार घरची धुणीभांडी करतं. त्यांच्यासाठी साथीत काय झालं? एप्रिल २०२० मध्ये राज्याने नोंदणीकृत बांधकाम कामगारांच्या खात्यात २००० रुपये टाकले. एप्रिल २०२१ मध्ये निर्बंध आले तेव्हा नोंदणीकृत बांधकाम कामगार, नोंदणीकृत घरेलू कामगार, परवानाधारक रिक्षाचालक यांना प्रत्येकी १५०० रुपये जाहीर झाले. यातला 'नोंदणीकृत' हा शब्द नीट वाचा. बांधकाम कामगारांच्या मंडळात नाव घालायचं तर मागच्या वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. आज इथे, उद्या तिथे, तिसऱ्या ठिकाणी मुकादम बदललेला, अशा माणसाने तो दाखला आणायचा कुठून? घरकाम करणाऱ्या बाईला कुठली मालकीणबाई लेखी देणार? जिथे संघटना होती, तिथे तिच्या कार्यकर्त्यांनी फॉर्म भरले, फोटो काढून आणायला लावले, नूतनीकरणाची तारीख लक्षात ठेवली. जिथे नव्हती, तिथे माणसं तेवढीच राबली, पण यादीत नव्हती म्हणून पैसे नाहीत. पालकसभेत आपण शिष्यवृत्तीचे फॉर्म भरून घेतो, तेव्हा दोन मिनिटं काढून "मंडळात नाव आहे का?" एवढं विचारायला काय हरकत आहे? नोंदणी चालू असेल तर मुलांना शिक्षणासाठी मदतही मिळते.

हे सगळं कोरोनात नव्याने सुरू झालं असंही नाही. आपल्याकडे तर त्याची फार जुनी आणि थोर मुळं आहेत, फक्त आपण ती दोन वेगळ्या पाठांत शिकवतो. १८९६ च्या पावसाळ्यानंतर मुंबईत प्लेग आला. नारायण मेघाजी लोखंडे, ज्यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची पहिली संघटना उभी केली, ज्यांच्या लढ्यामुळे १८९० मध्ये कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली, ते त्या प्लेगमध्ये मुंबईतल्या रुग्णांसाठी इस्पितळ उभं करण्याच्या कामात होते. ९ फेब्रुवारी १८९७ रोजी प्लेगनेच ते गेले. बरोबर एकोणतीस दिवसांनी, १० मार्च १८९७ रोजी, पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना गेल्या. दोघेही सत्यशोधक. एक शिक्षिका आणि एक कामगार नेता, एकाच साथीत, एकच काम करताना. ३ जानेवारीला आपण सावित्रीबाईंची जयंती दणक्यात करतो, करायलाच हवी. पण लोखंड्यांचं नाव किती शाळांत घेतलं जातं?

त्या प्लेगमध्ये आणखी एक गोष्ट घडली होती. कामगार शहर सोडून पळाले आणि गिरण्यांना माणसं मिळेनात. तेव्हा मालकांनी एकमेकांवर चढाओढ करून रोजच्या रोज रोख मजुरी द्यायला सुरुवात केली. एरवी पगार महिन्याने, तोही थकवून मिळायचा. साथ ओसरली, माणसं परत आली आणि जुनी पद्धतही परत आली. लोखंडे गेले होते आणि त्यांच्या संघटनेला रीतसर सभासद, वर्गणी, कार्यालय असं काही नव्हतं. वेळेवर पगार द्यायला लावणारा कायदा व्हायला १९३६ साल उजाडलं. साथ असते तोवर राबणाऱ्या माणसाचं मोल सगळ्यांना कळतं. ते कळणं साथ संपल्यावर टिकवायचं तर मागे लागणारं कुणीतरी लागतं. आणि फेब्रुवारी १८९७ मध्येच झालेला साथरोग कायदा २०२० मध्ये आपल्याकडे लागू झाला, तो गर्दी आवरण्यासाठी. आरोग्य कर्मचाऱ्यांवर हल्ला झाला तर शिक्षा, हे कलम त्यात घालायला १२३ वर्षं लागली.

संघटनांची आरती ओवाळायला मी बसलेली नाही. त्यांचे दोष आपल्याला चांगले ठाऊक आहेत, आपल्याच शिक्षक संघटना किती आहेत ते मोजा. एका तालुक्यात चार संघटना, चौघांचे चार फलक, बदल्यांच्या मोसमात जाग येणारे नेते, अधिवेशनाच्या नावाखाली रजा. आशा-अंगणवाडीच्या संघटनांतही गटबाजी आहे, वर्गणीवरून कुरबुरी आहेत. २०२१ च्या तडजोडीवर अनेक आशाताई नाराज होत्या. "पाचशे रुपयांसाठी एवढं केलं का?" असं मला एकीने विचारलं होतं आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण त्याच बाया २०२४ च्या सुरुवातीला पुन्हा संपावर गेल्या, मुंबईला आझाद मैदानात जाऊन बसल्या आणि मार्च २०२४ मध्ये राज्याने त्यांचा मोबदला दरमहा ५००० रुपयांनी वाढवला, नोव्हेंबर २०२३ पासून लागू धरून. अंगणवाडीच्या बायांबाबत एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की त्यांना ग्रॅच्युइटीचा कायदा लागू होतो. तो खटलाही त्यांच्यातल्याच निवृत्त बायांनी लढवला होता. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या आशांचा गौरव केला, त्याचा सगळ्यांनाच अभिमान वाटला. पण गौरवातून ग्रॅच्युइटी येत नाही.

आता शाळेचं. 'आपले मदतनीस' शिकवताना मी आता दोन गोष्टी वाढवल्या आहेत. मुलांनी गावातल्या आशाताईंची मुलाखत घ्यायची, त्यात "तुम्ही काय काम करता?" याबरोबर "तुम्ही आजारी पडलात तर तुमचं काम कोण करतं?" हा प्रश्न असतोच. मुलं उत्तर लिहून आणतात, बहुतेक वह्यांत एकच शब्द असतो, 'कोणी नाही'. दुसरं म्हणजे त्यांच्या महिन्याच्या मोबदल्याचा हिशेब मुलं स्वतः करतात. मी त्यावर काही बोलत नाही. बोलायची गरजही पडत नाही, चौथीच्या मुलांना किराणा दुकानातले भाव तोंडपाठ असतात. काही पालकांनी विचारलं, "बाई, हे राजकारण शाळेत कशाला?" मी त्यांना वही दाखवली, त्यात बेरीज-भागाकारच होते.

आणि शिक्षक सहकाऱ्यांना एक सांगायचं आहे, थोडं अवघड आहे. अंगणवाडी किंवा आशांचा संप लांबला की त्यांची कामं दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात घालायचा विचार प्रशासन करणारच, आणि गावात सगळ्यात हाताशी असलेला माणूस म्हणजे शिक्षक. मला असा आदेश आला तर मी काय करेन? लहान मुलाचा डोस चुकत असेल तर मी जाईन, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण त्यांच्या नोंदवह्या भरून, आकडे वर पाठवून 'संपाचा काही परिणाम झाला नाही' असा अहवाल तयार करायला मी हातभार लावणार नाही. आमच्या केंद्रातल्या गटसंमेलनात मी हे बोलले, तेव्हा निम्मे जण माझ्या बाजूने होते आणि निम्मे म्हणाले, आदेश तो आदेश. तुमच्या केंद्रात हा विषय निघाला आहे का, निघाला असेल तर काय ठरलं, ते जरूर कळवा.